थांबचा हात

मास्तरांना सकाळी शर्ट घालायला बायको लागते, ही गोष्ट कारखान्याच्या आवारात कोणाला सांगितली असती तर लोकांनी तोंडात बोटं घातली असती. ज्या हाताच्या इशाऱ्यावर चार-चार, पाच-पाच टनांचे लोड गेली सत्तावीस वर्षं उठत नि बसत आले होते, तोच उजवा हात गेले दोन महिने डोक्याच्या वर सोडाच, खांद्यापर्यंतही जात नव्हता. आधी उजवी बाही चढवायची, मग शर्ट पाठीमागून ओढून घ्यायचा, मग डावा हात. ही तऱ्हा बायकोने शोधून काढली होती, आणि ती करताना ती जीभ दातांत धरून इतकी मन लावून खेचायची की मास्तरांना हसू यायचं. "लग्नानंतर पहिल्या वर्षीसुद्धा एवढे लाड केले नव्हते मी तुमचे," ती म्हणायची. हसलं की खांदा आणखी दुखायचा.

डॉक्टरने सांगितलं होतं, खांदा आखडलाय, सुटेल, पण सहा महिने लागतील, वर्षही लागेल. बाहेर पडल्या पडल्या बायकोने विचारलं होतं, "आता कामावर सांगायला हवं ना?" आणि दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर पुन्हा, "सांगितलंत ना?"

"सांगितलं," मास्तर म्हणाले.

"काय म्हणाले?"

"जपून करा म्हणाले."

एवढं खोटं बोलायला मास्तरांना काही कष्ट पडले नाहीत. चहाचा कप डाव्या हातात होता, तो त्यांनी शांतपणे संपवला.

आता हे मास्तर काही शाळामास्तर नव्हेत. कागदावर त्यांचा हुद्दा सिग्नलमन. क्रेन चालवणारा माणूस चाळीस फूट उंच केबिनमध्ये बसतो. लोड कुठे टेकतोय, खाली कोण उभं आहे, यातलं निम्मं त्याला दिसत नाही. त्याने बघायचं फक्त खालच्या सिग्नलमनकडे. हात खाली, बोट जमिनीकडे, मनगट गोल फिरलं की लोड खाली. बोट आभाळाकडे, की वर. आणि हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ ताणून, तळवा खाली करून आडवा हलवला, की थांब. आवारातल्या प्रत्येकाला हे मास्तरांनीच शिकवलं होतं, म्हणून ते मास्तर. शिकवताना ते फार छळायचे. कोणाचं कोपर जरा वाकलं की म्हणायचे, "हे काय, थांब म्हणतोयस का माशी हाकलतोयस? वरच्याला काय कळायचं?"

त्यांनीच एक पद्धतही पाडली होती. सकाळी पहिला लोड उचलायच्या आधी सिग्नलमनने आवारातल्या पांढऱ्या गोलात उभं राहून सगळे इशारे एकेक करून द्यायचे, आणि वरून क्रेनने हॉर्नने उत्तर द्यायचं. 'वर'ला दोन छोटे, 'खाली'ला एक छोटा, 'थांब'ला एक लांबलचक. याला सगळे हजेरी म्हणत. सुरुवातीला लोक टिंगल करायचे, मास्तर क्रेनशी लपंडाव खेळतात म्हणून. पुढे पुढे तो लांबलचक हॉर्न ऐकल्याशिवाय कोणी हातमोजेसुद्धा चढवेना.

खांदा आखडला आणि मास्तरांनी हजेरी बंद केली.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? कोणी घरी बसवलं नसतं. स्टोअरमध्ये पाठवलं असतं, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. त्यांच्या आधीचा सिग्नलमन गुडघे गेल्यावर तिथेच गेला होता, आणि वर्षभरात नवे लोक त्याला "ओ काका, जरा सरका" म्हणायला लागले होते. मास्तरांना त्या "जरा सरका"चीच धास्ती होती. वार्षिक तपासणीला चार महिने होते. तोवर खांदा सुटेल, असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं.

क्रेनवर तेव्हा एक मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशीची बाई, पण मास्तर तिला पोरी म्हणायचे. आवारातली पहिली क्रेनवाली. ती पहिल्यांदा शिडी चढून केबिनमध्ये गेली तेव्हा खाली उभं राहून नाक मुरडणारे पुष्कळ होते, आणि त्यांची तोंडं मास्तरांनीच बंद केली होती. "तिला माझा हात दिसतो ना? मग झालं," असं म्हणून. तीन वर्षांत तिने एकदाही लोड आपटू दिला नव्हता.

तिला एका सकाळी मास्तर म्हणाले, "पोरी, आता रोज रोज हजेरी कशाला? तुझं-माझं जुळलंय. माझं बोट हललं तरी तुला कळतं."

तिचा चेहरा असा फुलला की मास्तरांना क्षणभर स्वतःचाच राग आला. तिने ही बातमी फोन करून आईला सांगितली, जेवणाच्या डब्याभोवती बसलेल्यांना सांगितली. मास्तरांनी आजवर कोणाचीच हजेरी माफ केली नव्हती, ती तिची केली. आणि मास्तर कोपर पोटाशी धरून, मनगटावर काम भागवू लागले. जुळलेलं होतंच, त्यामुळे भागतही होतं. दोन महिने भागलं.

त्या मंगळवारी स्टीलच्या प्लेटांचा गठ्ठा उतरवायचा होता. चार टन. खाली लाकडी ठोकळे मांडलेले, त्यांवर गठ्ठा टेकवायचा म्हणजे नंतर त्याला वेढलेले उचलायचे पट्टे, स्लिंग, काढता येतात. ठोकळे मांडायला आणि हुक सोडवायला पैलवान होता. हा पैलवान अंगाने काडी, म्हणूनच त्याला पैलवान म्हणायचे. गठ्ठा ठोकळ्यांपासून वीतभर वर असताना पैलवानाला दिसलं की एक ठोकळा तिरका झालाय. त्याने मास्तरांकडे बघून ओरडून सांगितलं, "मास्तर, थांबवा!" आणि ठोकळा सरळ करायला डावा हात आत घातला. काठीने करायला हवं होतं, ते तर खरंच. पण मास्तरांना थांबवा म्हटलं की लोड थांबतो, ही आवारातल्या सगळ्यांची सवय होती. पैलवानाने वर बघितलंसुद्धा नाही.

मास्तरांनी थांब दिला. म्हणजे मनात तर नक्कीच दिला. हात झटकन बाजूला जायला निघाला आणि खांद्यात कोणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली. कोपर वाकलं, हात पोटापाशीच राहिला, तळवा खाली, मनगट थरथरतंय. डावा हात मोकळा होता, गळ्यात शिट्टी होती. पण सत्तावीस वर्षं थांब उजव्यानेच दिलेला. डाव्याची आठवण झाली ती पैलवानाची किंकाळी ऐकल्यावर.

दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं.

दुपारी सुरक्षेचे साहेब आले. टेबलापलीकडून त्यांनी सरळ विचारलं, "मास्तर, तुम्ही थांब दिला होता?"

"दिला होता," मास्तर म्हणाले.

पुरतं खोटंही नव्हतं ते, आणि त्यामुळे तोंडातून सहज निसटलं. साहेबांनी लिहून घेतलं. मग क्रेनवालीला बोलावलं.

"मला 'खाली' दिसलं," ती म्हणाली.

"मास्तरांच्या हाताचं?"

तिने एकदा मास्तरांकडे बघितलं. मास्तरांच्या हाताचं चुकीचं दिसलं असं म्हणणं म्हणजे भिंतीवरचं घड्याळ सोडून सूर्यच चुकला म्हणण्यासारखं होतं. त्या कोपऱ्यात कॅमेरा नव्हता. बाकीचे आपापल्या कामात होते. साहेबांनी चौकशी संपेपर्यंत क्रेन बंद ठेवली, तिला क्रेनवरून उतरवलं आणि ऑफिसात फायली लावायला बसवलं. चौकशीत दोष तिचा ठरला, तर परवाना जाणार आणि पुन्हा केबिनची शिडी दिसणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर तिथेच हाताची घडी घालून उभे होते. घडीत उजवा हात डाव्यावर विसावतो, कोणाला काही दिसत नाही. लोक काखा वर करून मोकळे होतात म्हणतात, मास्तरांना तर तेवढंही करायची गरज पडली नाही. बाकीच्यांनीच त्यांना मोकळं केलं.

गुरुवारी ते पैलवानाला बघायला दवाखान्यात गेले. हात पांढऱ्या पट्ट्यांत एवढा मोठा दिसत होता. पैलवान म्हणाला, "मास्तर, आता खरा पैलवान झालो. बघा, एक हात केवढा झालाय." आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

त्याच्या बायकोने मास्तरांना खुर्ची दिली. मग ती खाली वाकली आणि मास्तरांना कळायच्या आत तिने त्यांच्या पायांना हात लावला. "तुम्ही थांबवलंत म्हणून दोन बोटांवर निभावलं," ती म्हणाली. "नाहीतर अख्खा हात गेला असता. ती वरची बाई कुठे बघत होती कोण जाणे."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठावं आणि सांगून टाकावं, असं दोनदा मनात आलं. त्यांनी आणलेली फळं टेबलावर ठेवली, डाव्या हाताने, आणि ते निघाले. जिन्यात एक माणूस बाजूला होत म्हणाला, "या काका." त्यांना उगाच त्याचा संताप आला.

पण खरा घाव बसला तो शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत. मास्तर नळाजवळच्या बाकावर एकटे डबा घेऊन बसले होते. क्रेनवाली आली. ऑफिसात बसून चार दिवसांत तिचा चेहरा उतरला होता. तिने पर्समधून घडी केलेली चिठ्ठी काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"काय आहे?"

"डोळे तपासून आले. डोळ्यांत थेंब टाकून, सगळं करून. अजिबात दोष नाही म्हणाला डॉक्टर. जवळचं, लांबचं, रंग, सगळं ठीक." तिने चिठ्ठीची पुन्हा घडी केली. "मग मास्तर, मला तुमचा थांब दिसला कसा नाही?"

मास्तरांनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"मी रात्रंदिवस तेच आठवते," ती म्हणाली. "दर वेळी मला खालीच दिसतं. म्हणजे माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय. आई म्हणते, एवढा विचार करू नकोस. पण उद्या कोणाचा जीव गेला असता तर? मला परवान्याचं काही नाही. असेल चूक तर जाऊ दे. फक्त मला एकदा परत शिकवाल? इथेच, मी खाली समोर उभी राहते. तुम्ही एकेक इशारा द्या, मी ओळखते. कुठे चुकतेय ते तरी कळू दे."

"आज नको," मास्तर उठत म्हणाले. "मला जरा... स्टोअरमध्ये काम आहे."

स्टोअरमध्ये त्यांचं काडीचं काम नव्हतं. रॅकच्या मागे जाऊन ते नुसते उभे राहिले. सत्तावीस वर्षांत शिकायला आलेल्या कोणालाही त्यांनी परत पाठवलं नव्हतं, आणि आज शिकायला आलेल्या पोरीपासून ते पळून आले होते. तिने एकदा, एकदा जरी म्हटलं असतं की मास्तर तुम्हीच चुकलात, तर त्यांना भांडता आलं असतं. पण ती आपल्याच डोळ्यांवर संशय घेत होती. त्यांची मान आपोआप खाली गेली. समोरच्या खोक्यावरची चिठ्ठी त्यांनी चार वेळा वाचली तरी तिच्यावर काय लिहिलंय ते कळलं नाही.

संध्याकाळी ताट तसंच राहिलं तेव्हा बायकोने विचारलं, आणि त्यांनी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे पहिल्या "सांगितलं"पासून. ती ऐकत होती.

शेवटी ती म्हणाली, "म्हणजे रोज सकाळी शर्ट घालून मीच तुम्हाला त्या गोलात उभं करत होते."

"तुझा काय दोष? तुला काय माहीत?"

"तेच म्हणतेय मी. त्या पोरीलाही माहीत नव्हतं." ती ताट उचलून आत गेली.

सोमवारी सकाळी बायकोने त्यांना शर्ट घातला. उजवी बाही, पाठ, डावी बाही. जीभ दातांत नव्हती. बटणं लावून झाल्यावर तिने कॉलर नीट केली आणि एवढंच म्हणाली, "आज काय करणार आहात ते मला विचारायला लावू नका."

त्या दिवशी चौकशीचा शेवट होता. साहेबांनी कागद तयार करून आणला होता. टेबलाच्या एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला क्रेनवाली. साहेबांनी वाचून दाखवलं. सिग्नलमनने थांबचा इशारा वेळेवर आणि स्पष्ट दिला होता. क्रेनचालकाकडून तो वाचण्यात चूक झाली. खाली क्रेनवालीची सही आधीच झालेली होती, आणि सहीच्या वर तिने आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली होती, 'चूक माझीच असावी.'

"मास्तर, तुमची सही," साहेब पेन पुढे करत म्हणाले.

मास्तरांनी पेन घेतलं नाही. "साहेब, आधी हजेरी घेऊ."

"कसली?"

"हाताची. दोन महिने झाली नाही. हिला वर जाऊ द्या. हुकाला काही लावू नका, क्रेन हलवायची नाही, फक्त हॉर्न. हिला जे दिसेल ते हिने वाजवायचं." मग तिच्याकडे वळून, तिच्या नजरेला नजर न देता, ते म्हणाले, "पोरी, मी काय देतोय असं तुला वाटतं ते नको. दिसेल ते वाजव."

साहेबांनी जरा कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाले नाहीत. हजेरी होणार म्हटल्यावर आवारातले लोक हातातली कामं टाकून कडेला येऊन उभे राहिले. कोणीतरी म्हणालंही, "आता बघ, मास्तर दाखवतील तिला कुठे चुकली ते." क्रेनवाली शिडी चढून गेली. केबिनच्या काचेआड तिचं पिवळं हेल्मेट दिसू लागलं. मास्तर पांढऱ्या गोलात जाऊन उभे राहिले. रंग उडत चालला होता. दोन महिन्यांत तो पुन्हा मारायला सांगायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

कोपर अंगाशी धरून त्यांनी बोट आभाळाकडे केलं. वरून दोन छोटे हॉर्न आले.

हात खाली, बोट जमिनीकडे. एक छोटा हॉर्न.

मग त्यांनी उजवा हात बाजूला न्यायला सुरुवात केली. डावा त्यांनी मुद्दाम पाठीमागे धरला होता. हात पोटापर्यंत आला, तिथून जरा पुढे सरकला, आणि कळ आली. मास्तरांनी दात आवळले. आणखी जोर लावला. कोपर वाकलेलंच राहिलं, तळवा जमिनीकडे, मनगट त्या मंगळवारसारखंच थरथरत होतं. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला, तरी हात काही वर गेला नाही. सगळं आवार बघत होतं. त्यांनी हात तसाच धरून ठेवला.

केबिनमधलं पिवळं हेल्मेट काचेला टेकल्यासारखं पुढे आलं.

मग हॉर्न वाजला. एक, छोटा.

कडेला मघाशी बोललेला माणूस खाली बघायला लागला. मास्तर हात खाली न घेता साहेबांकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा थांब होता. त्या दिवशीही एवढाच दिला होता. हिला बरोबर दिसलं. दोन महिने माझा खांदा गेलाय, मी लपवलं. हजेरी त्यासाठीच बंद केली. पैलवानाची बोटं माझ्यामुळे गेली." बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला, तो त्यांनी सावरला नाही. "दवाखान्यात मी त्याच्या बायकोला पायाला हात लावू दिला, साहेब. तेही लिहा."

साहेबांनी टेबलावरचा कागद मागवला, त्यातली दोन्ही वाक्यं त्यांच्यासमोर खोडली आणि कागद परत ऑफिसात पाठवला. मग ते हळू म्हणाले, "मास्तर, जॅकेट द्यावं लागेल."

सिग्नलमनचं जॅकेट नारिंगी असतं, आवारात दुसऱ्या कोणाला ते घालायची परवानगी नाही. मास्तरांनी डावी बाही काढली. उजवी निघेना. शर्टावरून ते घट्ट बसलं होतं. एरवी तेही घरीच बायको चढवायची नि उतरवायची, आणि मागून ओढून घ्यायला कोणीतरी लागतं हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. एवढ्या लोकांसमोर ते एका बाहीशी झगडत राहिले. पुढे यायला कोणी धजेना.

क्रेनवाली शिडी उतरून आली होती. ती त्यांच्या मागे गेली, तिने एका हाताने त्यांचं कोपर धरलं, दुसऱ्याने बाही हलकेच मागे ओढली. कुठे दुखत असेल हे तिला न सांगता कळलं होतं. शेवटी सगळ्या आवारात त्यांचा हात तिनेच सर्वांत जास्त बघितला होता. बाही सुटली. तिने जॅकेटची घडी केली.

"पोरी," मास्तर म्हणाले.

"तुम्ही माझी हजेरी माफ केलीत तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमचा माझ्यावर विश्वास बसला."

तिने जॅकेट त्यांच्या डाव्या हातात दिलं आणि ती ऑफिसकडे गेली, आपली ओळ खोडायला.